वजनावर एकच आवाज

जड वजन वर चढत असताना एकाच माणसानं बोलायचं आणि बाकीच्यांनी तोंड मिटून हात चालवायचे. आमच्या कामातला हा पहिला नियम. ट्रान्सफॉर्मर असो, मोठं पॅनेल असो, नाहीतर कंपनीच्या शेडमध्ये छताला टांगायचा अवाढव्य पंखा असो, ते धूड जमिनीवरून सुटलं की सगळं कुणालाच दिसत नाही. साखळी ओढणारा खाली असतो, त्याला वरचं कळत नाही. वर चढून बसलेल्याला खालचं कळत नाही. दोर धरणाऱ्याला फक्त दोर दिसतो. म्हणून एक जण बाजूला उभा राहून बघतो आणि सांगतो. हबेस म्हणजे वर घ्या. आरिया म्हणजे खाली सोडा. बस म्हणजे थांबा. बस कुणीही म्हणू शकतो, तेवढी सगळ्यांना मोकळीक. पण थांबलेलं वजन पुन्हा हलवायचं ते फक्त आवाज देणाऱ्याच्या सांगण्यावरून.

आमच्या टोळीत त्यासाठी एक रीत होती. साखळीला ताण यायच्या आधी ती ओढणारे चाचा सगळ्यांकडं एकदा बघायचे आणि विचारायचे, "आवाज किसका?" ज्याचा असेल त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "माझा." मगच साखळी ओढायची. नवा माणूस पहिल्यांदा हसायचा, त्याला मोर्चा आठवायचा. चाचा हसायचे नाहीत, त्यामुळं तो दुसऱ्यांदा हसायचा नाही.

तो आवाज बरीच वर्षं माझा होता.

चाचा हर्सूलचे. तरुणपणापासून खलाशी, म्हणजे जड मशिनी उचलून बसवणारे. वाळूजमधल्या कितीतरी कंपन्यांच्या मशिनी त्यांच्या हातानं जागेवर बसल्यात. आमच्याकडं आले तेव्हाच त्यांना दम्यानं धरलं होतं. साखळी ओढायला छातीत जोर होता, ओरडायला नव्हता. त्यांनी एकेकाला आवाज द्यायला लावून बघितलं. एक वायरमन सांगताना कारण सांगायचा: "आता थोडं वर घ्या, कारण डावीकडून जरा..." तोवर वजन कुठल्याकुठं जायचं. दुसरा भित्रा, प्रत्येक वितेला बस म्हणायचा. माझा नवरा आवाज द्यायला लागला की मध्येच फोन घ्यायचा. एक दिवस एका शेडमध्ये पॅनेल माडीवर चढवताना कुणीच धड सांगेना, तेव्हा मी हातातली टेप खाली ठेवली आणि सांगितलं. काम झाल्यावर चाचा म्हणाले, "भाभी, आपका आवाज सीधा है. उसमें मेहरबानी नहीं है."

हे कौतुक होतं. माझ्या सासरी याच गोष्टीला दुसरं नाव होतं.

मी आयटीआय केलेली बाई आहे. आमच्या बॅचला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, आणि मास्तर रोज हजेरीला माझं नाव आलं की चष्मा वर करून बघायचे, अजून टिकली का म्हणून. पुढं सुपरवायझरचं लायसन्स काढलं. लग्नानंतर बजाजनगरला राहायला आलो, खाली गोडाऊन, वर घर. दारावरच्या बोर्डावर नाव नवऱ्याचं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण बोर्ड बघून कुणी काम देत नाही. पार्टीशी बोलायचं, चहा पाजायचा, सलाम-नमस्कार करायचा, हे नवऱ्याला चांगलं जमायचं. वजन वर चढवायचं मला जमायचं. कंपन्यांच्या मागच्या शेडमध्ये कुणी बघायला नसतं, तोवर ही वाटणी त्यालाही चालत होती.

मग नवऱ्याच्या गावचं काम आलं.

त्याचं गाव देवगाव रंगारीच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून आत. त्याच्या चुलत भावानं रस्त्याकडच्या रानात मंगल कार्यालय बांधलं. कमान, स्टेज, वधूवरांच्या खोल्या, आणि पुढं हिरवळ. कार्यालयाला स्वतंत्र डीपी लागणार होती. खेड्यात डीपी कुणाला सांगावी लागत नाही: दोन खांब, मध्ये आडवे लोखंडी चॅनेल, त्या चॅनेलवर बसलेला ट्रान्सफॉर्मर. काम भावकीतलं म्हणून आमच्याकडं आलं, आणि भावकीतलं म्हणूनच मला नको होतं. नवरा म्हणाला, "नाही म्हटलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही." मी म्हटलं, "घ्या, पण वजन हायड्रानं चढवायचं." हायड्रा म्हणजे चाकावरची क्रेन. तेलानं भरलेला ट्रान्सफॉर्मर चांगल्या दांडग्या म्हशीच्या वजनाचा असतो, त्याला हायड्राच बरी.

तर भावानं हायड्रा आत येऊ दिली नाही. डीपीची जागा हिरवळीच्या पलीकडं होती आणि हिरवळ नुकतीच अंथरलेली. गवताचे चौकोन नर्सरीतून आणून चटईसारखे लावले होते, अजून सांधे दिसत होते. "चाकं गेली की वाटोळं होईल, वहिनी," तो म्हणाला. "तुमच्याकडं ती चेन कुप्पी हाय की. जुन्या लोकांनी काय हायड्रा बघितली व्हती?"

चेन कुप्पी म्हणजे साखळीची कप्पी. ट्रान्सफॉर्मर बसतो त्याच्याही वर, खांबांच्या टोकाशी असलेल्या चॅनेलला अडकवायची, खालून साखळी ओढायची, वजन वीत वीत वर जातं. साखळी सोडली तरी वजन जागच्या जागी थांबतं. नीट वापरली तर त्यात धोका नाही. मी हो म्हटलं.

कामाच्या दिवशी सकाळी पिकअपमध्ये पुढं आम्ही दोघं, मागं चाचा, त्यांचा जावई आणि दोर धरायला दोन वायरमन. जावई आमच्याकडं खांबावर चढणारा माणूस. हलका, चपळ, मान वर करून बघायला लागावं इतक्या उंचीवर तो बिडी पेटवायचा आणि वरूनच थट्टा करायचा. दौलताबाद मागं टाकलं तसा नवरा समोर बघत म्हणाला, "आज आवाज मी देतो."

मी विचारलं, "का?"

"गाव हाय माझं."

शहरात तो हाय म्हणत नाही. गाव जवळ आलं की म्हणतो.

"तुमचं गाव असलं म्हणून ट्रान्सफॉर्मर हलका होतो का?"

"अगं, चार माणसं बसणार तिथं. चुलते येणार, सरपंच येणार. बाई माणसानं तिथं उभं राहून गड्यांवर ओरडायचं, बरं दिसतं का? तुला काय कमी सांगितलंय मी? एक दिवस गप बस."

"ओरडायची हौस नाही मला. बघायला लागतं. तुम्ही बघाल?"

"मला काय दिसत नाय?"

मी मागं वळून चाचांकडं बघितलं. मधली खिडकी उघडी होती. ते बाहेर बघत होते.

जागेवर पोचलो तर लग्नासारखी तयारी. डीपीच्या समोर, हिरवळीच्या कडेला, छोटा मांडव टाकून खुर्च्या मांडलेल्या. खांबांना झेंडूच्या माळा. ट्रान्सफॉर्मरला हळदीकुंकू लावलेलं, पुढं नारळ. वीज कंपनीची लाइन अजून जोडायची होती, त्यामुळं करंटची भीती नव्हती, फक्त वजनाची होती. पण माळा मी काढायला लावल्या, कारण साखळीत माळ अडकली तर निस्तरत कोण बसणार. "वहिनीला देवाचं बी वावडं," असं मांडवातून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

आता चढवायची पद्धत सांगते, कारण पुढं जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही. ट्रान्सफॉर्मर जमिनीवरून सरळ वर घेतला तर तो वाटेतल्या चॅनेलला खालून धडकेल. म्हणून त्याला दोर बांधतात आणि दोन माणसं तो दोर ओढून वजन खांबांपासून लांब धरतात. असं लांब धरून ते वर घ्यायचं. ट्रान्सफॉर्मरचे पाय चॅनेलच्या वर आले, की दोर हळूहळू सैल सोडायचा. वजन आपोआप आत, चॅनेलच्या वर येतं. मग खाली टेकवायचं आणि वरच्या माणसानं बोल्ट लावायचे. सगळी मेख एकाच जागी: पाय खरंच चॅनेलच्या वर आलेत का. ते समोरून दिसत नाही. समोरून ट्रान्सफॉर्मरचं पोट दिसतं. पाय आणि चॅनेल यांच्यातली फट बाजूनं दिसते. त्यामुळं आवाज देणारा नेहमी बाजूला उभा राहतो, ऊन असो, काटे असोत.

नवरा समोर उभा राहिला. मांडवापुढं. लोकांकडं अर्धी पाठ, अर्धं तोंड. त्या गावात यजमानाच्या कामाला उभं राहणारा माणूस असाच उभा राहतो, वडीलधाऱ्यांकडं पाठ करून उभं राहायची तिथं रीत नाही. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाजूला या. इथून फट दिसणार नाही." तो दात आवळून म्हणाला, "जा तू. तिकडं बायका बसल्यात, चहा घे."

मी चहा घेतला नाही. खांबाच्या बाजूला बोरीचं झाड होतं, एरवी मी उभी राहिले असते तिथंच जाऊन उभी राहिले.

जावई वर चढला. वायरमननी दोर घेतला. चाचांनी साखळी हातात धरली, दोन्ही तळवे पँटला पुसले आणि विचारलं, "आवाज किसका?"

इतकी वर्षं हा प्रश्न ते माझ्याकडं बघून विचारत. त्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याकडं बघून विचारला.

"माझा," नवरा म्हणाला. मांडवात कुणीतरी टाळी वाजवली.

सुरुवात ठीक झाली. हबेस, हबेस, दोर ताणा. एका लयीत साखळी खडखडत होती. नवऱ्याचा आवाज चांगला आहे, भजनाचा आहे. पण तो मध्ये मध्ये बोलत होता. चुलत्यांनी विचारलं, किती घरांची लाइट चालंल एवढ्यावर, तर त्यानं उत्तर दिलं. सरपंच आले, तर "या, बसा" झालं. तेवढ्या वेळात साखळी चालूच होती. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो म्हणाला, "बस. दोर सैल."

पाय वर आलेले नव्हते. माझ्या बाजूचा एक पाय चॅनेलच्या वर होता, पलीकडचा चॅनेलच्या खाली. ट्रान्सफॉर्मर किंचित तिरका चढला होता, तो समोरून सरळ दिसत असणार. दोर सैल झाला, वजन आत झोकलं आणि पलीकडचा पाय चॅनेलच्या ओठाखाली जाऊन अडकला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. वरून जावई म्हणाला, "अटक गया." त्यानं वाकून, हातानं पाय बाहेर ढकलायला सुरुवात केली.

"थोडं राहिलं," नवरा म्हणाला. "हबेस!"

चाचांनी ओढलं. साखळी ताठ झाली. वरचा चॅनेल करकरला.

"बस!" मी ओरडले.

चाचा थांबले. सगळेच थांबले.

मी म्हटलं, "पलीकडचा पाय खाली अडकलाय. आरिया घ्या, दोर ताणा, मग परत वर. आणि तू हात काढ तिथून."

यात ओरडण्यासारखं काही नव्हतं, मी ओरडून सांगितलं नाही. कंपनीत सांगते तसं सांगितलं. एक वीत खाली, एक ओढ बाहेर, पुन्हा दोन विती वर. चहा निवला नसता एवढ्या वेळात काम झालं असतं.

मांडवातून एक म्हातारा चुलता म्हणाला, "आरं लेका, डीपी तुझी का सूनबाईची?" दुसरा म्हणाला, "घरात कुणाचं चालतंय ते कळलं की आज." आणि हशा. वाईट हशा नव्हता तो, भाऊबंदांचा रोजचा हशा. बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. माझी मोठी जाऊ सगळ्यांत जास्त हसली.

नवऱ्याचा चेहरा मला दिसत होता. मी त्याच्याबरोबर संसार केलाय, तो चेहरा मला माहीत आहे. मी म्हटलं, "अहो, इकडं येऊन एकदा बघा तरी."

"आवाज माझा हाय," तो म्हणाला. "चाचा, हबेस!"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण मीही त्यांच्याकडंच बघत होते. साखळी त्यांच्या हातात होती. ती किती कडक झालीये हे त्या रानात फक्त त्यांना कळत होतं. काही अडकल्याशिवाय साखळी अशी होत नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं. वर त्यांच्या मुलीचा नवरा वाकलेला होता, हात अजून तिथंच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडं बघितलं, आणि साखळी ओढली.

पाय सुटला. ताणलेलं वजन उसळून वर गेलं आणि आत झोकलं, आणि जावयाचा उजवा हात ट्रान्सफॉर्मर आणि खांब यांच्या मध्ये सापडला. तो ओरडला नाही. "अब्बा," एवढंच म्हणाला, सासऱ्याला तो अब्बा म्हणायचा. मग मी ओरडले. आरिया, दोर ओढा, ओढा, बस. आता सगळ्यांनी ऐकलं. कुणी विचारलं नाही आवाज कुणाचा.

त्याला खाली घेतलं. मी ओढणीनं हात घट्ट बांधला, त्याला पिकअपमध्ये घातलं आणि शहराकडं निघाले. गाडी मीच चालवत होते, चाचा मागं त्याला धरून बसले होते. दोन बोटं गेली. तिसरं राहिलं, पण वाकत नाही.

नवरा आमच्याबरोबर आला नाही. वजन लटकत होतं, पाहुणे बसले होते, असं त्याचं म्हणणं. ट्रान्सफॉर्मर तसाच लटकत ठेवून दुसऱ्या दिवशी हायड्रा बोलावली आणि हायड्रानं तो बसवला. हिरवळीवरून आणली. चाकांचे दोन चर कमानीपासून डीपीपर्यंत गेले आणि भावानं त्यावर दुसरे चौकोन टाकून घेतले, एवढ्यात भागलं. नारळ फोडला. फोटो काढले. त्या फोटोत नवरा आहे, हार घातलेला.

मी हे सगळं सांगते तेव्हा ऐकणारे म्हणतात, अपघात होतात. होतात. वजनाच्या कामात मी बोटं गेलेली पाहिलीत, पाय गेलेले पाहिलेत. पण त्या दिवशी पाय कुठं अडकलाय ते दिसत होतं, सांगितलं होतं, ऐकलंही गेलं होतं. हे अपघातात कसं बसवायचं, मला कळत नाही.

गावात त्याची गोष्ट वेगळी झाली. बाई खालून ओरडली आणि वरचा पोरगा दचकला. बस. एवढीच गोष्ट. पुढं त्याच कार्यालयात पुतणीचं लग्न झालं, तेव्हा पंगतीत एक अनोळखी बाई मला म्हणाली, "डीपी चढवताना वरडल्या व्हत्या त्या तुम्हीच का? असं मध्ये वरडू नाय बाई, गड्याचा हात हलतो." नवरा समोरच्या ओळीत जेवत होता. त्याला ऐकू गेलं. त्यानं वरण मागितलं.

परत येताना गाडीत मी त्याला विचारलं, "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"काय बोलू?"

"काय झालं ते."

"झालं ते झालं. आता उकरून त्याची बोटं येणारेत का?"

"बोटं येणार नाहीत. पण गावाला कळेल."

"गावाला कळून तुला काय मिळणार?"

या प्रश्नाला उत्तर दिलं की तो लगेच म्हणतो, बघ, तुला मोठेपणाच पाहिजे होता. त्याच्याशी भांडणं मी सोडून दिलं. जेवण करते, कामं करते, आजारी पडला तर औषध देते. त्याची हुशारी, त्याची वागणूक यांबद्दल लोक चांगलं बोलतात आणि ते खरंही आहे. फक्त त्या दिवसापासून मी त्याचं कुठलंच म्हणणं न तपासता घेत नाही. त्यानं गॅस बंद केला म्हटलं तरी उठून बघते.

चाचांवरचा राग वेगळा होता. नवऱ्याकडून मी फारशी अपेक्षा केलीच नव्हती.

दवाखान्याची धावपळ संपल्यावर मी हर्सूलला त्यांच्या घरी गेले. जावई आत झोपला होता. मुलीनं चहा आणून ठेवला, माझ्याकडं बघितलं नाही, आत गेली. चाचा पलंगावर बसले होते, दम लागलेला.

मी सरळ विचारलं, "चाचा, साखळी कडक झाली होती ना?"

"हौ."

"मी काय सांगितलं ते ऐकू आलं होतं ना?"

"आया था, भाभी."

"मग का ओढली?"

त्यांनी दम घेतला. मग म्हणाले, "वजन पे दो आवाज नहीं होते. मैंने पूछा था ना, आवाज किसका. आप चुप रहे."

"तुम्ही मला विचारलंच नाही. त्यांच्याकडं बघून विचारलं."

"बोल सकते थे."

"बोलले असते, तर ऐकलं असतं तुम्ही?"

मला वाटलं होतं, ते हो म्हणतील. तेवढं म्हटलं असतं तर मीही काहीतरी मनाला लावून घेतलं असतं, की आपण बोलायला हवं होतं. पण चाचा खोटं बोलणारा माणूस नव्हता.

"नहीं," ते म्हणाले. "मालिक वो हैं."

"आणि इतकी वर्षं?"

"इतने साल मालिक ने बोला था, भाभी को आवाज देने दो."

मी चहा तसाच ठेवून उठले. मला वाटत होतं, माझा आवाज सरळ आहे म्हणून तो चालतो. तो दिलेला होता, आणि ज्यानं दिला त्यानं पिकअपमध्ये बसल्या बसल्या काढून घेतला. हर्सूलहून बजाजनगरपर्यंत मी हे पुन्हा पुन्हा तपासत आले, आणि त्यात कुठं चूक सापडेना.

चाचा पुन्हा आमच्या कामावर आले नाहीत. मी बोलावलंही नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. फर्मचं लायसन्स पूर्वीपासून माझ्या नावावरच चालत होतं, तर बोर्डही बदलला. नवरा म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक वाचत नाहीत. आणि दुसरी, वजनाच्या जागी तो येत नाही. पार्टीशी बोलतो, बाहेर गाडीपाशी उभा राहतो. मी कधी येऊ नका म्हटलं नाही. तोच येत नाही.

टोळी नवी आहे. कामं वाढलीत, बहुतेक ठिकाणी हायड्राच असते. ऑपरेटर पहिल्या दिवशी माझ्याकडं बघून नवऱ्याला शोधतो, ते सवयीचं झालंय. चाचांची ती विचारायची रीत मी बंद केली.

जावयाला खांबावर चढता येत नाही आता. तो शहरात इलेक्ट्रिकच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर बसतो. मी सामान तिथूनच घेते. उपकार म्हणून नाही, माल बरा असतो. तो उजवा हात काउंटरच्या खाली ठेवतो आणि सगळं डाव्या हातानं काढून देतो, थट्टा करायची सवय मात्र तशीच आहे. मागच्या महिन्यात क्लॅम्प घ्यायला गेले तर बिल होईपर्यंत म्हणाला, "भाभी, अब आवाज कौन देता?"

"मी."

"अब्बा की तरह पूछते क्या, किसका बोलके?"

"विचारत नाही. वजन उचलायच्या आधी मीच सांगते, माझा. ज्याला चालत नसेल त्यानं साखळी खाली ठेवायची."

"किसी ने रखी क्या?"

"एकानं ठेवली."

"फिर?"

"मग मी ओढली."

तो हसला. मग डाव्या हातानं क्लॅम्पचा खोका माझ्याकडं सरकवताना म्हणाला, "उस दिन ही ऐसा करते ना, भाभी."

दुकानात गर्दी होती. मी खोका उचलला आणि गाडीत ठेवला. त्या दिवशी साखळी माझ्या हातात नव्हती, हे त्यालाही माहीत आहे.